लिफाफ्यातली भोजली

रायपुरात पुष्कळ वर्षं माझी ओळख 'कैदीवाली दीदी' अशी होती. पुरानी बस्तीत भाजी घ्यायला गेले की भाजीवाली वांगी तोलता तोलता विचारायची, "आपका कैदी छूटा क्या, दीदी?" मी "अभी नहीं" म्हटलं की मूठभर मिरच्या वरून टाकायची. कैदी कुठल्या देशातला, कशासाठी आत गेला, हे तिला ठाऊक नव्हतं. तो सुटला नाही याचं वाईट वाटून टाकलेल्या त्या मिरच्या. आमच्या कामाला यापेक्षा मोठा सन्मान कुणी दिल्याचं मला आठवत नाही.

आमचे बाबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होते. गोंदियाकडून इकडे आलेले. त्यांना सही करता यायची, तेवढंच शिक्षण. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए., आणि हे सांगताना मला अजूनही लाज वाटत नाही, उलट मी ते जरा मोठ्यानंच सांगते. निकालाच्या दिवशी बाबांनी कारखान्यातल्या आपल्या अख्ख्या शॉपमध्ये पेढे वाटले आणि मी कधी सरकारी टेबलामागे बसते याची वाट पाहू लागले. नवीन राज्य झालं होतं. रायपुर राजधानी झाली होती, जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरत होतं, गल्लोगल्ली भरतीच्या जाहिरातींची चर्चा. आणि मी लागले कुठे, तर जगभरच्या कैद्यांसाठी लोकांकडून चिठ्ठ्या लिहवून घेणाऱ्या एका संस्थेच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात.

बाबांनी विचारलं, "तुले पगार देते कोण, अन काहून देते?"

मी म्हटलं, लोक वर्गणी देतात. दुसऱ्या देशात कुणावर अन्याय झाला तर आपण इथून त्या सरकारला लिहायचं. आपल्या देशातल्या प्रकरणावर आपण लिहायचं नाही, त्यासाठी बाहेरचे लोक लिहितात. हा आमच्या संस्थेचा नियमच होता.

बाबांनी ते आपल्या कारखान्याशी लावून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या फोरमनशी दुसऱ्या शॉपच्या माणसानं भांडायचं. अन त्याच्या फोरमनशी आपण."

"हो, तसंच."

"मंग ठीक हाय. पण पेन्शन नाही म्हणतेस?"

पेन्शन नव्हती. ती अजूनही नाही.

हे काम नेमकं काय असतं ते आता सांगते, कारण रायपुरातच काय, पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या नातेवाइकांनाही ते कधी धड कळलं नाही. त्यांना वाटायचं मी मोर्चे काढते. मोर्चे वर्षातून एखादा. बाकी सगळं काम चिकाटीचं आणि कंटाळवाणं. कुठल्यातरी देशात एखाद्या माणसाला उचलून नेतात. तो लिहितो म्हणून, बोलतो म्हणून, कधी नुसता साक्षीदार आहे म्हणून. मग सांगतात, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. त्यांचा सगळा भरवसा लोक विसरतील यावर असतो. आमचं काम विसरू न देण्याचं. त्या माणसाचं नाव घ्यायचं, पुन्हा घ्यायचं. जेलरला कार्ड, कायदामंत्र्याला कार्ड, दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीला कार्ड. वर 'माननीय महोदय', खाली 'आपली विश्वासू'. मध्ये तीन गोष्टी: माणसाचं नाव, त्याच्यावर काय गुदरलं आणि आमचं मागणं काय. शिवी नाही, टोमणा नाही, उपदेश नाही. आणि लिफाफ्यात कागदाशिवाय काहीही घालायचं नाही.

हा शेवटचा नियम मी सगळ्यांना घोकून घेतला होता. आपली माणसं हौशी. कुणी राखी घालायचं, कुणी अंगारा, कुणी देवाचा फोटो. मी प्रत्येक लिफाफा चाचपून बंद करायची. तुमच्या हौसेची किंमत आत बसलेला माणूस मोजतो, हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

कार्डं तपासायला माझ्यासोबत हरदास सर बसत. तात्यापाऱ्यात राहणारे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या चहाच्या आत सांगत. सरांचं अक्षर मोत्यासारखं, पण मजकूर जहाल. एका हुकूमशहाला त्यांनी 'हे मदांध नराधमा' अशी सुरुवात केली होती. मी ते खोडून 'माननीय महोदय' केलं, तर म्हणाले, "तू बी.ए., मी एम.ए., अन लाल शाई तुह्या हातात. काय दिवस आले."

मी म्हटलं, "सर, तो जेलर एम.ए. मराठी नाही. त्याला नराधम कळायचं नाही अन माननीय कळेल."

"त्याले माननीयही कळणार नाही," सर म्हणाले, पण पुढचं कार्ड त्यांनी माननीयानं सुरू केलं.

या कामात हार पुष्कळ खाल्ली. एका माणसासाठी आम्ही शाळाशाळांतून कार्डं लिहवून घेतली, पोत्यात भरून मुख्य डाकघरात नेऊन टाकली, आणि नंतर कळलं की आम्ही कार्डं टाकली त्याच्या आधीच त्याला फाशी दिलेलं होतं. टाकलेली कार्डं परत मागता येत नाहीत. ती गेली असतील, कुणीतरी ती उघडली असतील, आणि त्यांत मुलांनी लिहिलेलं असेल की कृपया यांना जगू द्या. त्या आठवड्यात मी कार्यालय बंद ठेवलं. नंतर उघडलं, कारण दुसरी नावं वाट पाहत होती.

आता ज्या प्रकरणासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. ती एक परिचारिका होती. डोंगराळ मुलखातल्या एका लहान शहरातली. तिथे निदर्शनं झाली, गोळ्या चालल्या, जखमी माणसं दवाखान्यात आली. तिनं त्यांच्या जखमा बांधल्या आणि नंतर कुणी विचारलं तेव्हा त्या जखमा गोळ्यांच्या होत्या असं खरं सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती ड्युटीवरून घरी पोहोचली नाही. सरकार म्हणे, आमच्याकडे अशी कुणी नाही. सुटून आलेल्या एक-दोघी म्हणाल्या, अमुक तुरुंगात पाहिल्यासारखी वाटते. बस, एवढ्यावर तिचं प्रकरण जगभरच्या गटांकडे गेलं आणि आमच्याकडेही आलं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. कारण सांगेन, पण ते शेवटीच समजेल.

हे प्रकरण घेऊन मी सिलतऱ्याकडच्या गावांत गेले. तिथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. अंगणात वाळत घातलेली साडी तासाभरात काळपट होते. एका गावात महिला समूहाची बैठक होती. मी त्या परिचारिकेचा फोटो दाखवून सगळं सांगितलं. एक बाई म्हणाली, इथे आमच्या छातीत धूर बसला आहे, आमच्यासाठी कोण लिहिणार? हा प्रश्न मला प्रत्येक गावात यायचा आणि तो रास्तच होता. मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, तुमचं गाऱ्हाणं मी मुख्य कार्यालयाला कळवीन, ते बाहेरचे लोक मांडतील, मी मांडू शकत नाही. लवकर काही होईल असा शब्द देत नाही. बाईनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात मागून एक ठेंगणी, पदर खोचलेली बाई पुढे आली आणि तिनं फोटो माझ्या हातून काढूनच घेतला. ती फुलबाई. गावची मितानिन. आमच्याकडे गावात औषधगोळ्या देणारी, बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी जी बाई असते तिला मितानिन म्हणतात, म्हणजे मैत्रीण. फुलबाईनं फोटो बराच वेळ पाहिला. मग सगळ्यांना दाखवत म्हणाली, "वो घलो मितानिन ए." तीही आपल्यासारखी मितानिनच आहे.

तिथून पुढे फुलबाई आमच्या गटाची झाली. कारखान्याच्या फाटकावर, बाजारात, लसीकरणाच्या दिवशी, जिथे जाईल तिथे ती कार्डं घेऊन जायची. लिहिता येत नसलेल्यांचा अंगठा घ्यायची आणि वर सुनवायची, "अंगठा साफ लगा, जेलर ला दिखना चाही." परिचारिकेचं नाव ती असं उच्चारायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, कुणी आहे. सभेत बोलायला तिच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.

कार्डं जात राहिली आणि परत येत राहिली. प्रत्येकावर त्या देशाच्या डाकेचा शिक्का: असा इसम येथे नाही. हरदास सर त्या परत आलेल्या कार्डांची चळत पाहून म्हणायचे, "पोरी, आपण एका बंद घराची कडी वाजवून राहिलो. आत कोणी हाय का, हेच आपल्याले माहीत नाही." मला राग यायचा, पण रात्री झोपताना तोच विचार माझ्याही मनात असायचा. ती जिवंत आहे का? तिला सोडवणं दूरच, एवढं एक समजलं असतं तरी हातात बळ आलं असतं.

त्या वर्षी श्रावणात फुलबाईनं घरी भोजली पेरली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: टोपलीत माती घालून गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत ठेवतात, वर हळदीचं पाणी शिंपडतात. उजेड नसल्यानं अंकुर पिवळे, लांब, नाजूक येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया गाणी म्हणत टोपल्या डोक्यावर घेऊन तलावावर जातात. भोजली शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात, पण चार काड्या ठेवून घेतात. त्या काड्या दोघींनी एकमेकींच्या कानामागे खोवल्या की त्या जन्मभराच्या मैत्रिणी. त्याला भोजली बदणं म्हणतात. मग सख्ख्या बहिणीपेक्षा ते नातं मोठं. आणि त्या दिवसापासून त्या एकमेकींचं नाव घेत नाहीत. दोघीही एकमेकींना 'भोजली' म्हणतात, भेटल्या की 'सीताराम भोजली'.

मला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं. पण माझ्या डोक्यात ते कामाशी कधी जोडलं गेलं नाही.

थंडीत आमची वार्षिक सभा बूढ़ा तालाबजवळ असायची. परवानगीसाठी मी नव्या रायपुरला गेले, कारण तोवर मंत्रालय तिकडे हललं होतं. रुंद रस्ते, मोटारी, आणि बसची वाट पाहणारी मी एकटी. साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, "मैडम, इस महिला का छत्तीसगढ़ से क्या संबंध है?"

मी म्हटलं, "कोई संबंध नहीं है, सर."

"तो फिर?"

"संबंध होता तो हम नहीं लिखते."

साहेबांनी माझ्याकडे, मग अर्जाकडे पाहिलं आणि बहुधा जेवायची वेळ झाली होती म्हणून सही केली.

सभेत आमचा एक रिवाज होता. प्रत्येक वक्त्यानं शेवटी त्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि लोकांनी ते परत म्हणायचं. फुलबाई माइकवर आली. जखमांबद्दल बोलली, दवाखान्याबद्दल बोलली, लोक अगदी शांत ऐकत होते. आणि नाव घ्यायची वेळ आली तशी ती थांबली. फोटोकडे हात करून म्हणाली, "मोर भोजली कहाँ हे? वोला देखावव." माझी भोजली कुठे आहे, तिला दाखवा.

लोकांना काय परत म्हणावं कळेना. मी बाजूनं नाव सुचवलं. तिनं मान हलवली. मी पुन्हा सुचवलं. शेवटी मीच माइक घेऊन नाव घेतलं आणि सभा आटोपली. मला फार राग आला होता. वर्षभर जिनं हे नाव घरोघर पोहोचवलं तीच ऐनवेळी मुकी झाली.

तंबूमागे नेऊन विचारलं तर शांतपणे म्हणाली, "भोजली के नाव नइ लेवंय, दीदी."

"भोजली कधी झाली ती तुझी?"

तेव्हा तिनं सांगितलं. राखीच्या दुसऱ्या दिवशी तलावावरून येऊन तिनं एक काडी फोटोतल्या बाईच्या कानाशी टेकवली, एक स्वतःच्या कानामागे खोवली, आणि उरलेल्या काड्या वाळवून जेलच्या पत्त्यावरच्या लिफाफ्यात घातल्या. मी तपासलेला लिफाफा घरी नेऊन, वाफेवर उघडून. पुन्हा चिकटवून तिनं तो स्वतः डाकेत टाकला होता. मागे आमच्या कार्यालयाचा शिक्का, पत्ता आणि फोन नंबर.

मी तिला नको ते बोलले. तुरुंगवाल्यांना वाटेल हा काही इशारा आहे, वाटेल विष आहे, ते तिला मारतील, अंधारात टाकतील, आणि हे सगळं तुझ्या हौसेपायी. फुलबाई ऐकून घेत होती. हरदास सर मध्ये पडले आणि तिला चिडवायला म्हणाले, "अवं, भोजली दोघींनी बदायची असते. तुही तर एकतर्फीच हाय." हे मात्र तिला लागलं. माझ्या बोलण्यानं डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते यानं आलं.

मी मुख्य कार्यालयाला सगळं खरं कळवलं. लपवलं असतं तर त्या बाईचं आणखी वाईट झालं असतं. तिकडून कडक उत्तर आलं आणि ते योग्यच होतं: पुढील सूचनेपर्यंत रायपुर गटानं या प्रकरणात काही पाठवू नये. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ती जिवंत होती, आणि आपल्या गवतामुळे मेली, असं कळलं तर काय?

आणि एका दुपारी फोन वाजला. कार्यालयात मी, हरदास सर आणि फुलबाई. ती माझ्याशी बोलत नव्हती तरी येऊन कोपऱ्यात बसायची. पलीकडे एक गृहस्थ इंग्रजीत, भयंकर रागात. दिल्लीतल्या त्याच वकिलातीतून बोलत होता. म्हणाला, तुमच्या पत्त्यावरून आमच्या तुरुंगात एक वनस्पती पाठवण्यात आली आहे. ही कोणती वनस्पती? तिचा उद्देश काय? हे कोणत्या नियमात बसतं?

वर्षभर ज्यांनी 'असा इसम येथे नाही' एवढं एकच उत्तर दिलं होतं, ते आज स्वतः फोन करून विचारत होते. मी फोनचा आवाज मोठा करायचं बटण दाबलं आणि सरांना खूण केली. सरांनी कागद ओढला.

माझं इंग्रजी रायपुरच्या कॉलेजातलं, गाइड पाठ करून मिळवलेलं. जन्मभर मला त्याची लाज वाटली. त्या दिवशी मी ते होतं त्याहून वाईट केलं. अडखळत म्हटलं, साहेब, माफ करा, माझं इंग्रजी कच्चं आहे. लहान गाव आहे. आम्ही खूप जणांना लिहितो. कोणत्या कैद्याला पाठवलं म्हणता?

त्यानं उसासा टाकला. लहान गावातल्या बावळट कारकून बाईशी बोलावं तसं, एकेक अक्षर सुटं करून, त्यानं तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

सर लिहीत होते. फुलबाई कोपऱ्यातून उठून उभी राहिली होती. तिला इंग्रजी येत नाही, पण ते नाव तिला कुठल्याही भाषेत कळलं असतं.

मी विचारलं, "आणि साहेब, कोणत्या तुरुंगात? म्हणजे मी नोंद करून घेते."

त्यानं तुरुंगाचं नाव सांगितलं.

"तिला विचारलं का, साहेब? तिला ठाऊक असेल काय आहे ते."

"कैद्याला विचारलं आहे," तो म्हणाला. "ती म्हणते तिला माहीत नाही."

"कधी म्हणाली?"

"गेल्या आठवड्यात." आणि मग तो गप्प झाला. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं असावं. मी फार नम्रपणे म्हटलं, "साहेब, तो गहू आहे. मैत्रीचा रिवाज आहे आमच्याकडचा. आपण कळवलंत, आभारी आहे." फोन ठेवला गेला होता.

फुलबाईनं मला हलवून विचारलं, "का कहिस, दीदी?"

मी म्हटलं, "जियत हे."

ती खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. सर कागदाकडे पाहत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मजकुरात काही खोडण्यासारखं नव्हतं. मग म्हणाले, "त्या नव्या रायपुरच्या साहेबाले सांग आता, संबंध हाय म्हणा."

पुढचं काम मुख्य कार्यालयानं केलं. आम्हा तिघांची साक्ष, फोनची वेळ, बोलणं. तिच्या वकिलानं तेवढ्यावर तुरुंगाचं फाटक ठोठावलं. तिकडच्या सरकारनं आधी नाकारलं, मग वकिलाला भेट द्यावी लागली, मग रीतसर खटला, मग शिक्षा, मग शिक्षेत कपात. ती बाहेर आली तेव्हा मी ही नोकरी सोडायच्या बेतात होते. आमच्यामुळे सुटली असं मी म्हणत नाही. या धंद्यात कुणी असं म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अनेक देशांतली माणसं लिहीत होती, तिचा वकील झगडत होता, तिकडचा मंत्री बदलला होता. कोणत्या धक्क्यानं दार उघडलं ते कधीच समजत नाही. म्हणून प्रत्येकानं धक्का मारायचा.

लिफाफ्याचा नियम मात्र मी नंतरही बदलला नाही. आजही कुणी विचारलं तर सांगेन, कागदाशिवाय काही घालू नका.

सुटल्यावर पुष्कळ महिन्यांनी तिनं आमच्याशी बोलायची इच्छा दाखवली. राखीच्या दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त मीच मागून घेतला. मुख्य कार्यालयातली एक मुलगी मध्ये दुभाषी. मी आणि हरदास सर मोबाइल घेऊन फुलबाईच्या घरी गेलो. सर काठी टेकत आले, पण आले. फुलबाई तलावावरून नुकतीच परतली होती, केस ओले, हातात पिवळ्या काड्या.

पडद्यावर एक थकलेली बाई दिसली. फोटोतल्यापेक्षा पुष्कळ म्हातारी. ती हसली नाही. तिचं पहिलं वाक्य दुभाषीनं आम्हाला सांगितलं ते असं: ते गवत तुम्ही का पाठवलंत? त्याच्यासाठी मला कितीदा उठवून नेलं. काय आहे, कुणी पाठवलं, अर्थ काय. मला काहीच सांगता येत नव्हतं.

मी फुलबाईकडे पाहिलं. तिची मान खाली गेली. माझं बोलणं खरं ठरलं होतं, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

मग ती बाई पुढे बोलली. म्हणाली, आधी वाटलं, मला फसवायला ह्यांनीच काही रचलं आहे. मग खोलीत परत गेल्यावर विचार केला की फसवायचं असतं तर यांनी पैसे ठेवले असते, चिठ्ठी ठेवली असती. गवत कोण ठेवेल? म्हणजे बाहेर कुणीतरी आहे, आणि ते कुणीतरी यांच्यातलं नाही. त्या अधिकाऱ्याला मी प्रत्येक वेळी विचारलं, याला म्हणतात तरी काय? तो चिडायचा. त्यालाही ठाऊक नव्हतं. आता तुम्ही सांगा, काय म्हणतात त्याला?

फुलबाईनं काड्या पडद्यासमोर धरल्या. "भोजली," ती म्हणाली.

दुभाषी मध्ये काही बोलायच्या आत त्या बाईनं तो शब्द स्वतःच म्हटला. पहिल्यांदा चुकत, दुसऱ्यांदा नीट. "भोजली." आणि फुलबाईकडे पाहत होती.

फुलबाईनं काडी स्वतःच्या कानामागे खोवली. "सीताराम भोजली," तिला म्हणाली, आणि मग वळून हरदास सरांना, "ले, अब बदा गे." झालं बदून, आता बोला. सरांनी काठी बाजूला ठेवून दोन्ही हात जोडले.

निघताना फुलबाईनं मला दारात अडवलं. म्हणाली, माझी भोजली म्हणजे तुझीही बहीण लागते, यापुढे तूही तिचं नाव घ्यायचं नाही. मी म्हटलं, अगं, मी तिचं नाव घ्यायचाच पगार घेतला. तर म्हणाली, तो घेतलास ना, आता पुरे.

म्हणून या लेखात तिचं नाव नाही. बाकीच्या नावांवर अशी बंदी नाही. नोकरी सोडली तरी शनिवारी मी कार्यालयात जाते, फुलबाई सिलतऱ्याहून येते, सर अक्षर काढतात. मी लाल शाई घेऊन बसते, लिफाफे चाचपते, आणि आम्ही उरलेली नावं मोठ्यानं घेतो.